पेडरसन यांची फीत

१९६९-७० च्या शैक्षणिक वर्षात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विद्युत् अभियांत्रिकी विभागात रॉनल्ड रोरर या प्राध्यापकांनी आपल्या वर्गापुढे एक विलक्षण अट ठेवली. विषय सर्किटांचा होता. व्याख्याने, टिपणे आणि अखेरीस लेखी परीक्षा हा नित्याचा क्रम त्यांनी बाजूला सारला. सर्किट प्रत्यक्ष बांधण्यापूर्वीच त्याचे वर्तन गणिताने सांगू शकेल अशी एक संगणकीय आज्ञावली वर्गाने मिळून लिहावयाची आणि ती विभागातील ज्येष्ठ प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांच्यापुढे ठेवावयाची, असे ठरले. पेडरसन यांना ती पसंत पडली तर सगळे उत्तीर्ण, न पडली तर सगळे अनुत्तीर्ण. त्या वर्गात लॉरेन्स नेगल नावाचा एक विद्यार्थी होता. पुढली काही वर्षे या एकाच गृहपाठात त्याची गेली.

वर्गाच्या हातून जी आज्ञावली निपजली तिचे नाव ‘कॅन्सर’ असे ठेवण्यात आले. इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांनी जुळविलेले हे नाव; ‘अरेषीय सर्किटांचे संगणकीय विश्लेषण, किरणोत्सर्ग वगळून’ हा त्याचा अर्थ. ‘किरणोत्सर्ग वगळून’ या शेपटात त्या काळची बर्कली दिसते. अशा प्रकारच्या पुष्कळशा आज्ञावल्या तेव्हा अमेरिकेच्या संरक्षणखात्याच्या पैशांवर तयार होत, आणि किरणोत्सर्गाच्या माऱ्यात एखादे सर्किट कितपत तग धरील हे पाहण्याची सोय त्यांत असावी अशी सरकारची अपेक्षा असे. व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध पेटलेल्या विद्यापीठातील या मुलांनी ती सोय आपण केलेली नाही हे नावातच नोंदवून ठेवले. ग्रंथाच्या नावावरून ग्रंथकर्त्याचा काळ आणि कल ओळखण्याची सवय असलेल्या साहित्याभ्यासकाला अभियंत्यांचे हे नामकरण परके वाटू नये. नावात भीषण विनोद आहे खरा; पण तो विसाव्या-पंचविसाव्या वर्षी शोभणारा आहे.

परीक्षकाच्या जागी बसलेले पेडरसन हे मात्र विनोदी गृहस्थ म्हणून प्रसिद्ध नव्हते. १९२५ साली मिनेसोटा राज्यातील हॅलॉक या लहानशा गावी त्यांचा जन्म झाला. १९५१ मध्ये स्टॅनफर्ड येथून त्यांनी डॉक्टरेट मिळविली, चार वर्षे बेल प्रयोगशाळेत काढली आणि १९५५ मध्ये ते बर्कलीस आले. एकाच सिलिकनच्या चकतीवर अनेक घटक कोरून पुरे सर्किट तयार करावयाचे, ही कल्पना १९५८-५९ मध्ये प्रत्यक्षात आली होती आणि तिची मक्तेदारी उद्योगधंद्यांकडे होती. अशा वेळी विद्यापीठाच्या आवारात, विद्यार्थ्यांच्या हातांनी, अशी सर्किटे घडविणारी प्रयोगशाळा उभारण्याचा ध्यास पेडरसन यांनी घेतला. हे काम विद्यापीठाच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे त्यांना पुष्कळांनी सांगितले. साठीच्या दशकाच्या आरंभी ती प्रयोगशाळा उभी राहिली. विद्यार्थ्याने सर्किट समजून घ्यावयाचे ते घडवूनच, यावर त्यांची श्रद्धा होती. विभागात त्यांना त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘डॉप’ म्हणत. मुले हे नाव त्यांच्या पाठीमागे अधिक वापरीत असावीत.

या प्रयोगशाळेने एक अडचण उभी केली आणि तिच्यातूनच पुढला सगळा इतिहास घडला. जुन्या पद्धतीत सर्किट तपासावयाचे तर एका फळीवर सुटे घटक तारांनी जोडून पाहत. रोधक बदलावा, तार हलवावी, पुन्हा मोजावे. सिलिकनवर कोरलेल्या सर्किटाला हा न्याय लागू पडत नाही. तेथील ट्रान्झिस्टर हे सुट्या ट्रान्झिस्टरासारखे वागत नाहीत. शेजाऱ्यांचा परिणाम एकमेकांवर होतो. आणि एकदा कोरलेले काही हलविता येत नाही. चुकले तर सगळी प्रक्रिया आरंभापासून करावयाची, वेळ आणि पैसा दोन्ही पुन्हा ओतावयाचे. तेव्हा कोरण्यापूर्वीच कागदावरचे सर्किट कसे वागेल हे कळावयास हवे. पण ट्रान्झिस्टराचे समीकरण सरळ रेषेचे नसते. असे शंभर घटक एकत्र आले की शंभर अनोळखी संख्या एकमेकींना गुंतलेल्या असतात, आणि त्या सोडविण्याचा मार्ग एकच उरतो. प्रथम एक अंदाज करावयाचा, त्याने किती चुकले ते पाहावयाचे, अंदाज सुधारावयाचा आणि हे फरक नगण्य होईपर्यंत पुन्हापुन्हा करीत राहावयाचे. न्यूटनच्या नावाने ओळखली जाणारी ही जुनी रीत आहे. हाताने करू गेल्यास आयुष्य पुरणार नाही. संगणक ते करतो. कधीकधी अंदाज कितीही सुधारले तरी ते एका ठिकाणी स्थिरावत नाहीत. तेव्हा आज्ञावली तसे स्पष्ट सांगते आणि थांबते. उत्तर सापडले नाही हे छापील शब्दांत कबूल करणारे यंत्र ही लहान गोष्ट नाही. विद्वानांच्या परिषदांत ती फारशी आढळत नाही.

वर्ग उत्तीर्ण झाला. कालांतराने रोरर बर्कली सोडून गेले आणि नेगल पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली आला. येथे पेडरसन यांनी एक आग्रह धरला. ‘कॅन्सर’ ही मालकीहक्काच्या बंधनात अडकलेली होती. ती बंधने उरणार नाहीत इतकी ती नव्याने लिहून काढावी आणि मग जो मागेल त्याला द्यावी, अशी त्यांची अट होती. नेगलने ती पुन्हा लिहिली. नव्या आज्ञावलीचे नाव ‘स्पाइस’ असे पडले. हेही आद्याक्षरांचेच, पण कानाला अधिक सुखद. एप्रिल १९७३ मध्ये कॅनडातील वॉटर्लू येथे भरलेल्या एका परिषदेत पेडरसन यांनी ती विद्वानांपुढे मांडली. १९७५ साली नेगलने आपला प्रबंध सादर केला तेव्हा तिचे दुसरे, पुष्कळच प्रगल्भ रूप तयार होते. फीत मागवावी, नाममात्र खर्च द्यावा, आणि बर्कलीहून चुंबकीय फितीवर उतरविलेली आज्ञावली टपालाने यावी, असा तिचा प्रसार झाला.

त्या फितीवर काय होते, हे येथे नीट ध्यानात घ्यावयास हवे. नुसते चालणारे यंत्र देऊन त्याचे झाकण बंद ठेवणे शक्य होते. व्यापारी आज्ञावल्या बहुधा तशाच दिल्या जातात. पेडरसन यांच्या फितीवर मूळ लेखनच होते, फोरट्रान या भाषेत, ओळीमागून ओळ वाचता येईल असे. घेणाऱ्याला आज्ञावली वापरता येई, तशीच ती उघडून पाहता येई, तिच्यातील सूत्र कोठे चुकले आहे ते दाखविता येई आणि ते बदलताही येई. अशी फीत देणारा प्राध्यापक आपल्या विद्येबरोबर आपल्या चुकाही पोस्टात टाकीत असतो.

साहित्याच्या अभ्यासकाने स्पाइसची भाषा एकदा तरी न्याहाळावी. ती अतिशय लहान आहे. सर्किटातील प्रत्येक घटकाला एक ओळ. ओळीचे पहिले अक्षर घटकाची जात सांगते: रोधकासाठी ‘आर’, धारकासाठी ‘सी’, ट्रान्झिस्टरासाठी ‘क्यू’. पुढे तो घटक कोणत्या दोन किंवा तीन बिंदूंमध्ये जोडला आहे त्यांचे क्रमांक, आणि अखेरीस त्याचे मूल्य. जमिनीला जोडलेल्या बिंदूचा क्रमांक नेहमी शून्य. ओळींचा क्रम कसाही असला तरी चालतो, कारण अर्थ क्रमात नसून जोडणीत आहे. विभक्तिप्रत्ययांनी बांधलेल्या संस्कृत वाक्याची येथे आठवण व्हावी. सगळ्यांत चमत्कारिक नियम पहिल्या ओळीचा. पहिली ओळ हे शीर्षक होय, आणि आज्ञावली ते छापते पण समजून घेत नाही. नवशिका विद्यार्थी उत्साहाच्या भरात पहिल्याच ओळीत आपला पहिला रोधक लिहितो आणि मग तो रोधक गेला कोठे म्हणून तासभर शोधीत बसतो. या नियमाचे मूळ छिद्रे पाडलेल्या कार्डांत आहे. विद्यार्थी आपले सर्किट कार्डांच्या गठ्ठ्यावर नोंदवून संगणकगृहाच्या खिडकीत देई. कित्येक गठ्ठे एकामागून एक यंत्रात जात. कोणता गठ्ठा कोणाचा हे कळावे म्हणून पहिले कार्ड नावाचे. कार्डे गेली, खिडक्या गेल्या. पण स्पाइससाठी लिहिलेल्या मजकुराला तिच्या वापरकर्त्यांत अजून ‘डेक’, म्हणजे गठ्ठा, असेच म्हणतात.

फीत देण्यामागे पेडरसन यांचे निव्वळ औदार्य होते असे मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. ते व्यवहारी होते. आज्ञावली विकावयास गेले तर कारखान्याच्या पुढल्या दाराशी इतर विक्रेत्यांबरोबर उभे राहावे लागते. ती देऊन टाकली की मागल्या दाराने थेट अभियंत्यांच्या टेबलापाशी जाता येते, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे त्यांच्या परिवारात सांगितले जाते. त्या टेबलांवर काय चालले आहे हे जाणण्याची त्यांना निकड होती. कारखान्यातील अभियंता स्पाइसला जी सर्किटे घाली ती वर्गातल्या उदाहरणांसारखी सोज्ज्वळ नसत. त्यांच्यापुढे आज्ञावली अडखळे, क्वचित चुकीचे उत्तर देई. ती तक्रार बर्कलीस परत येई आणि पुढल्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याचा ती विषय होई. पदवी घेऊन बाहेर पडणारे विद्यार्थी आपापल्या नोकरीच्या ठिकाणी स्पाइस घेऊन जात आणि तिच्या खोडींच्या वार्ता मागे पाठवीत. वर्गाच्या चार भिंतींत जी चूक दहा वर्षे सापडली नसती ती अशा रीतीने दहा महिन्यांत सापडे. पेडरसन यांनी फितीची किंमत घेतली नाही. पण त्यांना परतफेड हवी होती, आणि ती मिळाली.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला या प्रकरणात एक जुनाच प्रश्न नव्या वेषात दिसल्यावाचून राहत नाही. आपल्याकडील हस्तलिखित पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक वाचकाला विनवितो की, तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून हिला जपावे आणि अपात्राच्या हाती देऊ नये. पोथी एकच असते, तिच्या लेखनात पाठ आणि मान मोडलेली असते. लेखनिकाची ही भीती समजण्यासारखी आहे. फितीला ही भीती नाही. तिची प्रत काढली तरी मूळ जसेच्या तसे राहते. तेव्हा कोणी म्हणेल की, पेडरसन यांचे औदार्य हे केवळ फितीचे औदार्य होय. पण तसे म्हणता येत नाही, कारण पोथी लपविण्यामागे ती झिजण्याची भीती हे एकच कारण कधी नव्हते. दुसरे, अधिक खोल कारण म्हणजे पाठ बिघडण्याची भीती.

महानुभाव पंथाने आपले मराठी ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके बंद ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांचा उलगडा झाला तेव्हा तेराव्या-चौदाव्या शतकांतील मराठी गद्य पुष्कळसे न बदललेल्या रूपात अभ्यासकांच्या हाती आले. याच्या उलट ज्ञानेश्वरी. ती कोणी कुलपात घातली नाही. ती वाचली गेली, गायिली गेली, उतरवून घेतली गेली, आणि प्रत्येक उतरविणाऱ्याने आपल्या काळाची भाषा, क्वचित आपली ओवीही, तिच्यात सोडली. अखेर शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांना अनेक प्रती जमवून तिचा पाठ शुद्ध करावा लागला, आणि शुद्ध केल्यावर यात यापुढे कोणी भर घालू नये असे त्यांनी बजावलेही. कुलूप लावले की पाठ टिकतो, उघडे ठेवले की तो बदलतो, हे मराठीच्या इतिहासाने दोन्ही बाजूंनी दाखवून दिले आहे. पाठाच्या शुद्धतेपुरते बोलावयाचे तर महानुभावांचा निर्णय चुकला असे कोणालाही म्हणता येणार नाही. मात्र जे महाराष्ट्रभर पसरले, ज्याच्यावर वारकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वाणी पोसली गेली, ते काव्य उघडे राहिलेले होते.

पेडरसन एकनाथांच्या नेमके उलट टोकाला उभे आहेत, असे प्रथमदर्शनी वाटते. भर घालू नका, असे एकनाथ सांगतात. भर घाला आणि आम्हाला कळवा, असे पेडरसन. पण हा विरोध दिसतो तितका खरा नाही. एकनाथांचा हेतू पूज्य ग्रंथाचे मूळ रूप परत मिळविण्याचा होता. पेडरसन यांच्या दृष्टीने मूळ रूप म्हणजे केवळ पहिला अंदाज, पुढल्या अंदाजाने सुधारून घ्यावयाचा. त्यांच्या आज्ञावलीच्या पोटात जी रीत होती तीच त्यांनी तिच्या प्रसारालाही लावली. दोघांत एक मोठे साम्यही आहे. काम हाती घेताना दोघांनाही अनेक प्रती हव्या होत्या. एकाच प्रतीवरून चूक ओळखता येत नाही.

या दोन टोकांच्या मधली एक वाट पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत तयार झाली आणि तिच्याशी स्पाइसचे खरे नाते आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. १२५९ हस्तलिखिते त्यासाठी धुंडाळण्यात आली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ मध्ये संपादनाची सूत्रे हाती घेतल्यानंतर जी शिस्त घालून दिली तिचे मर्म पानाच्या खालच्या भागात आहे. वर संपादकांनी निश्चित केलेला श्लोक. खाली, बारीक अक्षरांत, कोणत्या हस्तलिखितात कोणता निराळा पाठ आहे त्याची संपूर्ण यादी. जेथे संपादकांनाच पुरती खात्री नाही तेथे शब्दांखाली नागमोडी रेघ. म्हणजे संपादकाशी मतभेद असलेल्या वाचकाला लागणारी सगळी सामग्री संपादकानेच त्याच्या हाती दिलेली असते. वरचा श्लोक तेवढा छापून खालचा मजकूर संस्थेच्या कपाटात ठेवता आला असता. पुस्तकही पुष्कळ आटोपशीर झाले असते. पण मग ते प्रमाण मानण्यापलीकडे वाचकाला दुसरे काही करता आले नसते. फोरट्रानच्या ओळी फितीवर ठेवणारे पेडरसन आणि पाठभेद तळटिपांत ठेवणारे सुकथनकर यांची शास्त्रे परस्परांना सर्वस्वी अनोळखी होती. विद्येच्या व्यवहारात त्यांनी केले ते एकच.

उदारपणे दिलेल्या गोष्टीचे पुढे काय झाले हेही सांगावयास हवे, नाहीतर ही कथा पुराणातल्या दानासारखी गोड होऊन बसेल. फितीला अट नव्हती, त्यामुळे ती विकू नये अशीही अट नव्हती. ऐंशीच्या दशकात अनेक कंपन्यांनी तिच्यावर आपापले संस्कार करून ती बाजारात आणली. ‘एचस्पाइस’ मोठ्या यंत्रांवर चालली. १९८४ मध्ये आलेली ‘पीस्पाइस’ टेबलावरच्या लहान संगणकावर चालू लागली आणि तिची मर्यादित विद्यार्थी-आवृत्ती भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत घरोघरच्या पंचांगासारखी झाली. या विक्रेत्यांनी मूळ लेखन पुन्हा झाकणाखाली घातले. स्वतः नेगल बेल प्रयोगशाळेत गेला आणि तेथे त्याने जी नवी आज्ञावली लिहिली ती त्या संस्थेच्या आतच राहिली. तेव्हा पेडरसन यांचे पीक इतरांनी कापून नेले, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. कापून नेले ते एका हंगामाचे पीक होते. बियाणे बर्कलीतच राहिले. १९८९ मध्ये तेथे स्पाइसचे तिसरे रूप सी या भाषेत सर्वस्वी नव्याने लिहिले गेले आणि तेही देऊन टाकण्यात आले. त्याच्यातून निघालेली ‘एन्‌जीस्पाइस’ आजही उघडी आहे. शिवाय ज्यांनी ती विकली त्या कंपन्यांचे विकत घेणारेही बर्कलीचीच व्याकरणव्यवस्था शिकले. पहिली ओळ सगळीकडे शीर्षकाचीच राहिली.

एक आक्षेप मात्र अधिक गंभीर आहे. बर्कली हे सार्वजनिक पैशांवर चालणारे विद्यापीठ. प्राध्यापकाला वेतन मिळते, विद्यार्थ्याला वृत्ती मिळते, संगणक सरकारच्या अनुदानातून येतो. अशा ठिकाणी बसून देणे सोपे आहे. ज्याला आपले टिपण विकूनच पोट भरावयाचे आहे त्याने काय करावे? प्रश्न खरा आहे. पण जो वेतन घेऊन बसला आहे त्याची सुटका त्याने होत नाही. भारतातील भाषाविभागांतून आयुष्यभर जमविलेल्या नोंदी, बोलीतील शब्दांची कार्डे, गावोगाव हिंडून उतरविलेल्या ओव्या, पाठभेदांची कोष्टके किती कपाटांत पडून असतात हे त्या विभागांत वावरणाऱ्यांना सांगावयास नको. ग्रंथ पुरा झाला की सगळे एकदम प्रसिद्ध करू, असे प्राध्यापक म्हणतात. ग्रंथ पुरा होत नाही. निवृत्तीचा दिवस येतो. कपाट दुसऱ्याला मिळते आणि कार्डे व्हरांड्यात जातात. असे करणारे सगळे कृपण नसतात. बहुतेकांना भय असते ते चुका दिसण्याचे. अपुरे काम लोकांच्या हाती गेले तर आपली अपुरी विद्या उघडी पडेल, या भयाने पुष्कळ चांगले काम उजेडात आलेले नाही. हे भय पेडरसन यांना नव्हते असे नाही. पण सर्किट चुकले तर ते कोणी ना कोणी कोरून पाहणार आणि चूक दिसणारच, हे अभियंत्याला ठाऊक असते. साहित्याच्या प्राध्यापकाला चूक लपविण्याची सवड अधिक मिळते, एवढाच काय तो फरक.

अभियंत्यांची ही वृत्ती भारतात परदेशाहूनच आली असेही समजू नये. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत १९६३ मध्ये आयबीएम १६२० हा संगणक आला. तेथे व्ही. राजारामन यांनी फोरट्रान शिकविण्यासाठी जी व्याख्याने दिली त्यांची टिपणे विद्यार्थ्यांत फिरू लागली, आणि १९६९ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले ते विद्यार्थ्याला परवडेल अशा अल्प किमतीत निघावे या लेखकाच्या आग्रहासह. संगणक डोळ्यांनी न पाहिलेल्या कित्येकांनी या देशात फोरट्रान त्यांच्या पुस्तकांतून शिकून घेतली. फितीवरचे मूळ लेखन फोरट्रानमध्ये होते. कोणी लेखन उघडे ठेवले तरी ते वाचता येणारा वर्ग लागतो, आणि तो कोणी तरी निराळ्या ठिकाणी, निराळ्या हेतूने घडविलेला असतो.

मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने खुल्या आज्ञावल्यांचा जो प्रकल्प उभा राहिला त्यात ‘ईसिम’ नावाचे सर्किट-आरेखनाचे साधन तयार झाले. ते विनामूल्य आहे, त्याचे मूळ लेखन उघडे आहे, आणि त्याच्या पोटात एन्‌जीस्पाइस चालते. याच मंडळींच्या दुसऱ्या एका उपक्रमात खुल्या आज्ञावल्या शिकविणारे लहान लहान बोलपट आहेत. त्यांची संहिता प्रथम वेळेच्या खुणांसह लिहून काढतात आणि मग निरनिराळ्या भारतीय भाषांत, मराठीतही, तिचा अनुवाद होतो. पडद्यावरचे इंग्रजी जसेच्या तसे राहते. सांगणारा आवाज तेवढा मराठी होतो. अनुवादकाला प्रत्येक वाक्य मूळ वाक्याच्या वेळेतच बसवावे लागते, नाहीतर हाताची खूण एकीकडे आणि बोलणे दुसरीकडे असा घोटाळा होतो. अनुवादमीमांसेच्या ग्रंथांत या कारागिरीची दखल अभावानेच आढळते. घ्यावयास हरकत नाही.

पेडरसन यांना १९९८ मध्ये विद्युत् अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे सर्वोच्च पदक मिळाले. २५ डिसेंबर २००४ रोजी ते वारले. २०११ मध्ये त्याच संस्थेने स्पाइसची नोंद आपल्या शास्त्रातील इतिहासस्थळांत केली.

स्पाइसच्या भाषेत एक खोड अजून शिल्लक आहे. शास्त्राच्या संकेतानुसार लहान लिपीतील ‘एम्’ म्हणजे हजारावा भाग आणि मोठ्या लिपीतील ‘एम्’ म्हणजे दहा लाख पट. पण कार्डांना छिद्रे पाडणाऱ्या यंत्रावर मोठी अक्षरे तेवढी होती. म्हणून स्पाइसमध्ये ‘एम्’ कसाही लिहिला तरी हजारावा भागच समजला जातो, आणि दहा लाखांसाठी ‘मेग’ अशी तीन अक्षरे लिहावी लागतात. हे सर्वांना ठाऊक आहे, सर्वांना गैरसोयीचे आहे, आणि सुधारणे एका ओळीचे काम आहे. कोणी ते करीत नाही, कारण सुधारले तर पन्नास वर्षांत लिहिलेले असंख्य डेक एका रात्रीत चुकीचे ठरतील. त्यामुळे एखाद्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात संध्याकाळी ईसिमपुढे बसलेली मुलगी आपल्या दहा लाख ओहमच्या रोधकापुढे विश्वासाने ‘एम्’ लिहिते, सर्किटातून भलताच प्रवाह वाहताना पाहते, आणि शेजारच्या मुलीला विचारते. शेजारची मुलगी गेल्या आठवड्यात तेथेच अडलेली असते.